जुन्या बाजारातली खरेदी आणि आपली अणुव्रतं



महिला मंडळाची बैठक आमच्याकडे असली की चहा होईपर्यंत बायका हॉलभर फिरून बघतात. आरशाची चौकट एका वाड्याच्या खिडकीची आहे. टीव्हीखालचं बाकडं कुठल्याशा शाळेतलं आहे, त्यावर मुलांनी करकटकानं कोरलेली नावंसुद्धा तशीच आहेत. दाराशी चपला ठेवायचं जे कपाट आहे ते मुळात किराणा दुकानातलं, डाळी ठेवायचं. "कुठून आणलंत?" असं विचारलं की मी सांगते, "जुन्या बाजारातून." मग दोन उत्तरं ठरलेली. एक, "ई, दुसऱ्याचं वापरलेलं घरात?" दुसरं, "वा वहिनी, खरं अपरिग्रह व्रत तुम्हीच पाळता!"

मला दोन्ही पटत नाहीत. दुसऱ्याचं वापरलेलं म्हणून वस्तू वाईट होत नाही, आणि जुनी म्हणून आपोआप शुद्धही होत नाही. नवी वस्तू दुकानातून घेताना आपण पावती घेतो आणि मोकळ्या होतो. जुनी वस्तू आपल्या दारात येण्याआधी चार घरं हिंडून आलेली असते. ती कुणाकडून आली, कशी आली, तिच्यासोबत काय आलं आणि तिला जागा करायला आपल्या घरातून काय गेलं, हे सगळं बघावं लागतं. आपल्याकडे हे बघायची रीत आधीपासून आहे. पाठशाळेत पाठ केलेली अणुव्रतं जुन्या बाजारात जितकी उपयोगी पडतात तितकी मला तरी दुसरीकडे कुठे पडली नाहीत.

थोडं घरचं सांगते. गेली चार वर्षं आमची सूनबाई जुनी पितळी-तांब्याची भांडी आणि लहानसहान लाकडी सामान घेऊन, स्वच्छ करून विकते. नात झाल्यावर तिनं नोकरी सोडली, तेव्हा घरी बसून करता येईल असं काहीतरी हवं होतं. फोनवर फोटो टाकते, ओळखीतून ओळख निघते, गिऱ्हाईक येतं. फार मोठा धंदा नाही. पण नातीच्या शाळेची फी आणि व्हॅनचे पैसे त्यातून निघतात. मी तिच्याबरोबर पुण्याच्या जुन्या बाजारात जाते, बुधवारी किंवा रविवारी. पिशव्या धरायला माणूस लागतो, आणि पितळ ओळखायला माझ्या पिढीचा हात लागतो असं तीच म्हणते.

सध्या बाजारात एवढं जुनं सामान का येतंय, असं बऱ्याचजणी विचारतात. कारण उघड आहे. वाडे पडताहेत, चाळीस-पन्नास वर्षांच्या सोसायट्या पुनर्विकासाला जाताहेत. घर रिकामं करताना सागवानी दारं, फडताळं, पाट, घंगाळं नेणार कुठे? स्टील घराघरात आलं तेव्हाच पितळ माळ्यावर गेलं होतं. गॅस आला, नळ आले, बंब गेले, कल्हईवाल्याची हाक बंद झाली. आता माळाच उरला नाही म्हणून तेच पितळ रस्त्यावर आलंय.

आधी जीव बघायचे, मग किंमत

लाकडाची वस्तू आवडली की आपण तिची नक्षी बघतो. मी आधी ती उलटी करते. पायांच्या तळाशी, खणांच्या मागच्या बाजूला, फळी आणि चौकट जुळते तिथे टाचणीएवढी भोकं आहेत का? भोकं असली तरी घाबरू नका, ती जुनी असू शकतात. पण खाली पिठासारखा ताजा, फिकट भुसा पडत असेल तर आत घुण जिवंत आहे. विक्रेत्याला सांगून ती वस्तू कागदावर ठेवायची आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघायचं. कागदावर भुसा पडला असेल तर ती वस्तू कितीही स्वस्त असो, आणायची नाही. लाकडावर मातीची बारीक नळी दिसली किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर वाळवीची शंका घ्यायची.

गादी आणि कापडानं मढवलेला सोफा आम्ही जुना घेतच नाही. शिवणीत काळे ठिपके दिसले तर ढेकूण. नाही दिसले तरी खात्री नाही. त्यापेक्षा वेताची, लोखंडी किंवा उघड्या लाकडाची खुर्ची घ्यावी, सगळे कोपरे डोळ्यांना दिसतात.

बाकीच्या बायका म्हणतील, यात काय, औषध मारलं की झालं. आपला प्रश्न तिथेच सुरू होतो. मुंगी, ढेकूण ही त्रींद्रिय जीवांची उदाहरणं आपण लहानपणी घोकली आहेत. घर चालवताना नकळत होणारी आरंभी हिंसा गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही, हे शास्त्रानंही मानलंय. पण आत जीव आहेत हे दिसत असताना, केवळ नक्षी आवडली म्हणून वस्तू आणायची आणि दारात आल्यावर फवारा मारायचा, हे माझ्या मते संकल्पी हिंसेच्या फार जवळ जातं. उन्हात तापवणं हासुद्धा त्या जिवांच्या दृष्टीनं फवाराच. म्हणून सगळी मेहनत आणण्याआधी करायची. आणल्यावर पर्याय उरत नाहीत.

दुसरी गोष्ट, वस्तू कशाची बनली आहे. जुन्या बाजारात चामड्याच्या पेट्या असतात, हाडाच्या किंवा शिंगाच्या मुठी असतात, शिंपल्याचं जडावकाम असतं, हरणाची शिंगं लावलेली खुंटाळी असते. "तो प्राणी कधीच मेलाय, आता काय फरक पडतो?" हा प्रश्न मला एका शिकलेल्या मैत्रिणीनं विचारला होता. फरक पडतो, कारण आपण कृत आणि कारित यांच्या जोडीला अनुमोदनाही मोजतो. मी ती पेटी हॉलमध्ये मांडली की चार जणींना ती सुंदर वाटते, आणि पाचवी नवी घ्यायला निघते. हस्तिदंताच्या बाबतीत तर कायदाही आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९८६ च्या दुरुस्तीनं भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, १९९१ च्या दुरुस्तीनं आफ्रिकेतून आलेल्या हस्तिदंताचाही. "जुनं आहे, चालतं" असं कुणी सांगितलं तरी हात लावू नका.

तराजू आणि शब्द

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार आहेत. जुन्या वस्तूंचा व्यवहार करणाऱ्या बाईनं ते समोर लिहून ठेवावेत इतके नेमके आहेत. त्यातले दोन आधी घेते: हीनाधिक मानोन्मान, म्हणजे मापात कमी-जास्त करणं, आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे खोटं खऱ्याच्या भावात खपवणं.

जुनं पितळ वजनावर जातं. घर रिकामं करणाऱ्या वयस्कर बाईला आजचा पितळेचा भाव ठाऊक नसतो. तिच्या लेखी ती अडगळ असते. "न्या हो, काय द्यायचं ते द्या," असं ती म्हणते तेव्हा खरी परीक्षा होते. सूनबाईचा नेम आहे: काटा आपला न्यायचा, वजन तिच्यासमोर करायचं, भाव आधी सांगायचा आणि मगच विचारायचं, "आजी, द्यायचंय का?" एकदा एका आजींनी भाव ऐकून सगळी भांडी परत आत ठेवली. म्हणाल्या, "एवढ्याची आहेत होय? मग लेकीला विचारते." आमची फेरी फुकट गेली, रिक्षाचे पैसे गेले. येताना सूनबाई हसत होती. "आई, आज धंदा झाला नाही, पण झोप चांगली लागेल," म्हणाली.

विकतानाही तेच. हल्ली नव्या पितळेला रसायन लावून काळं-हिरवं करतात आणि "अँटिक" म्हणून विकतात. ओळखायला सोपं आहे. खरा जुना काळेपणा सगळीकडे सारखा नसतो. जिथे हात लागतो तिथे, कडेला, मुठीला, धातू झिजून गुळगुळीत झालेला असतो. हातानं ठोकलेल्या भांड्यावर हातोडीचे ठसे एकसारखे येत नाहीत. पुण्यात कसब्याच्या तांबट आळीत उभं राहून दोन भांडी ठोकताना बघा, मग फरक विसरणार नाही. लोहचुंबक पर्समध्ये ठेवा. पितळेला आणि तांब्याला तो चिकटत नाही, वरून मुलामा दिलेल्या लोखंडाला लगेच चिकटतो. बुडाशी डाख दिलाय का, पाणी भरून गळतं का, आतली कल्हई शाबूत आहे का, हे बघून घ्यायचं आणि विकताना तेच सांगायचं. सूनबाई फोटोखाली लिहिते: जुनं भांडं, नक्की वय माहीत नाही, बुडाला एक डाख, कल्हई नवी. "अँटिक" हा शब्द ती वापरत नाही. कायद्यानं पुरावस्तू म्हणजे निदान १०० वर्षं जुनी, हस्तलिखित असेल तर ७५ वर्षं. १९७२ च्या त्या कायद्यानुसार पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि त्या देशाबाहेर पाठवायला खासगी माणसाला बंदी आहे. कायदा मोडून केलेला व्यवहार हाही पाच अतिचारांतलाच एक, विरुद्धराज्यातिक्रम. त्यामुळे गिऱ्हाइकाला खूश करायला उगाच शंभर वर्षं म्हणणं दोन्हीकडून अंगाशी येतं.

हंड्यावरची अक्षरं

उरलेल्या अतिचारांत एक आहे तदाहृतादान, म्हणजे चोरीचा माल घेणं. मागच्या वर्षी त्याच्याशी आमची प्रत्यक्ष गाठ पडली.

एका रविवारी सूनबाईनं चार भांडी एकत्र घेतली. त्यात एक जाड पत्र्याचा पितळी हंडा होता, त्याच्या वाट्याचे ३,६०० रुपये पडले. घरी आणून चिंचेनं घासायला घेतला तशी गळ्याखाली अक्षरं दिसू लागली. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात तशीच, ठिपक्या-ठिपक्यांची. सांगली जिल्ह्यातल्या एका गावच्या दिगंबर जैन मंदिराचं नाव, मग एका बाईचं नाव, "हिचे स्मरणार्थ भेट" आणि वीर संवत् २४८१. मी हिशेब केला, म्हणजे १९५४-५५. शंभर वर्षं झाली नव्हती, तेव्हा पुरावस्तूचा कायदा लागत नव्हता. पण आपला कायदा लागत होता. देवळाला दिलेलं भांडं बाजारात आलं कसं?

सूनबाईनं त्याआधीच, अक्षरं नीट लागायच्या आत, फोटो टाकला होता. मुंबईच्या एका गिऱ्हाइकाला तो फारच आवडला. नंतर अक्षरांचा फोटो गेला तेव्हा तर त्यांना तो जास्तच हवा झाला. देवळातली वस्तू म्हणून घराच्या प्रवेशाशी ठेवायची, त्यात सुकलेल्या गवताचे तुरे लावायचे, असा बेत होता. ८,५०० द्यायला तयार, शुक्रवारपर्यंत कळवा म्हणाले. महिना शाळेच्या फीचा होता. ४,९०० रुपयांचा फरक आमच्या घरात लहान नाही.

सूनबाई माझ्याकडे आली. "आई, हे बघा ना. काय करू?"

मी म्हटलं, आधी विचारू. माझ्या मामेबहिणीचं सासर त्या बाजूला आहे. तिच्या ओळखीतून तिथल्या एका विश्वस्तांचा नंबर मिळाला. सत्तरीपुढचे गृहस्थ. मी नाव वाचून दाखवलं तसे ते क्षणभर गप्प झाले आणि मग म्हणाले, "चोरीचा न्हाई वो वहिनी. निवांत ऱ्हावा." मंदिराचा जीर्णोद्धार झाला तेव्हा कमिटीनं ठराव करून जुनी पितळी भांडी वजनावर मोडीत घातली होती आणि त्या पैशात स्टीलची घेतली होती. घासायला माणूस मिळत नाही, कल्हईला शहरात न्यावं लागतं, त्यांचंही बरोबर होतं. कासारानं ती वितळवली नाहीत, पुढे विकली, एवढंच.

म्हणजे व्यवहार शुद्ध होता. मंदिराला दाम मिळाला होता, पावती होती, मधल्या सगळ्यांनी पैसे मोजले होते. सूनबाईनं सुटकेचा श्वास सोडला. माझ्या मनातली अढी मात्र गेली नव्हती, आणि ती तिनं ओळखली.

"आई, चोरीचा नाही, देवद्रव्यही नाही राहिलं. मग आता अडतं कुठं?" तिचा प्रश्न रास्त होता. मला शास्त्राचा आधार देता येईना. मी एवढंच म्हणू शकले, की कुणीतरी आपल्या बाईच्या आठवणीत हे पाण्यासाठी दिलं होतं. त्यात सुकं गवत लावून तिचं नाव शोभेला उभं करायचं, ते मला बघवणार नाही. पण धंदा तुझा आहे, ठरव तू. मी आडवी येणार नाही. हे मी मनापासून म्हटलं. सासूची अढी आणि व्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सुनेवर पहिली लादून तिला दुसरीचं नाव देणं मला बरोबर वाटत नाही.

दोन दिवस हंडा पॅसेजमध्ये होता. गुरुवारी रात्री तिनं स्वतःच त्या विश्वस्तांना पुन्हा फोन लावला. "त्या आजींच्या घरचं कुणी गावात आहे का?" होतं. नातू, त्याची बायको, आणि आजींचे थोरले चिरंजीव, आता पंच्याऐंशीचे. नातसुनेशी बोलणं झालं. तिला हंड्याबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. आजींचा फोटोही घरात नाही म्हणाली. सासऱ्यांना विचारून सांगते म्हणाली, आणि दहा मिनिटांत फोन आला: आम्हाला हवाय, किती द्यायचे?

सूनबाईनं ३,६०० सांगितले. घासणावळ नाही, नफा नाही. मुंबईच्या गिऱ्हाइकाला तिनं खरं कारण कळवलं. त्यांचा काही निरोप आला नाही आणि पुढे त्यांनी काही घेतलंही नाही. ते नुकसान धरलं तर हंडा बराच महाग पडला.

नातसून आणि नातू दोन महिन्यांनी कामानिमित्त पुण्याला आले तेव्हा हंडा न्यायला घरी आले. मला वाटलं होतं, हातात घेऊन डोळ्यांत पाणी वगैरे येईल. नातसुनेनं हंडा उचलला, आत डोकावली आणि पहिलं वाक्य विचारलं, "गळत नाही ना?"

"एक डाख आहे बुडाला," सूनबाई म्हणाली, "पण भरून रात्रभर ठेवून बघितलाय. नाही गळत."

मला ते विचारणं फार आवडलं. तो हंडा आता त्यांच्या घरी पाण्यालाच आहे. तोंडाला दुहेरी गळणं बांधून पाणी गाळतात आणि भरतात. सासऱ्यांना दिसत नाही फारसं, ते बोटानं अक्षरं चाचपतात असं तिनं नंतर फोनवर सांगितलं.

प्रत्येक नाव घातलेल्या भांड्याचा असा शोध घेणं शक्य नाही हे मलाही कळतं. लग्नात मिळालेल्या तांब्या-पेल्यांवर नावं असतातच, त्यांच्या मागे लागलात तर धंदाच बंद होईल. आमच्यापुरता आम्ही नेम असा केला: मंदिराचं, संस्थेचं किंवा स्मरणार्थ असं काही कोरलेलं दिसलं तर आधी विचारपूस, मग फोटो. विचारपूस करूनही काही कळलं नाही तर शोभेसाठी न विकता वापरणाऱ्याला द्यायचं.

जिनप्रतिमा आणि जुनी पोथी

यात एक गोष्ट मात्र पक्की आहे. जिनप्रतिमा बाजारात दिसली, पाच-सहा इंचांची धातूची का असेना, तर ती शोकेससाठी घेऊ नका. ती प्रतिष्ठित आहे की नाही हे तुम्हाला-मला कळणार नाही. ती कुठल्या देवळातून उचललेली आहे की नाही हेही कळणार नाही. घासाघीस करून घेतली की पुढच्यासाठी मागणी तयार होते, आणि पाचांतला पहिला अतिचार, स्तेनप्रयोग, म्हणजे चोराला उत्तेजन, तो हाच. अशा वेळी विक्रेत्याची परवानगी घेऊन फोटो काढावा, मागचा लेख किंवा लांछन दिसत असेल तर तेही टिपावं, आणि जवळच्या मंदिराच्या कमिटीला त्याच दिवशी सांगावं. कुठल्या मंदिरातून चोरी झाल्याची तक्रार असेल तर त्यांना ती ताडून बघता येते. मग पोलिसात जायचं की आणखी काय, हे चार जाणत्यांनी मिळून ठरवावं.

हस्तलिखित पोथ्यांची सुटी पानंही जुन्या बाजारात दिसतात. त्यांची फ्रेम करून भिंतीला लावायची टूम आहे. पान सुंदर दिसतं, पण पोथी फुटली की ती पोथी राहत नाही. असं काही घरात निघालं तर सुटं करू नका. मंदिराचं शास्त्रभांडार आहे, पुण्यात १९१७ पासून भांडारकर प्राच्यविद्या संस्था आहे, तिथल्या संग्रहात जैन हस्तलिखितंही आहेत. आधी जाणकाराला दाखवा.

एक आत, एक बाहेर

आता अपरिग्रहाबद्दल, कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते. स्वस्त मिळतं म्हणून घर भरतं. ३०० रुपयांचा अडकित्ता, २०० रुपयांचं कुलूप, दीडशेची बरणी, आणि प्रत्येक वेळी "टाकून दिलं जाणार होतं, आपण वाचवलं" ही समजूत. बाह्य परिग्रहाच्या दहा प्रकारांत कुप्य आणि भांड, म्हणजे कापडचोपड आणि भांडीकुंडी, ही वेगळी मोजलेली आहेत. त्यात नवं किती आणि जुनं किती असा भेद केलेला नाही. ३० जुने दिवे म्हणजे ३० दिवेच.

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय तुम्ही पाहिलं असेल. दिवे, अडकित्ते, कुलपं, स्वयंपाकाची भांडी, सगळं घरगुती. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून ते जमवलं, संग्रहाला आपल्या गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव दिलं, आणि सगळं महाराष्ट्र शासनाला देऊन टाकलं. तिथून बाहेर पडताना मला दर वेळी तेच वाटतं, की जतन करायचं काम त्यांनी केलंय, आता माझ्या हॉलनं ते करायची गरज नाही.

आमच्या घरी नियम सोपा आहे. एक वस्तू आत आली की त्याच प्रकारातली एक त्याच आठवड्यात बाहेर. खिडकीची चौकट आली तेव्हा आधीचा आरसा गेला. विक्रीच्या वस्तूंना सूनबाईनं एकच कपाट ठरवलंय. ते भरलं की खरेदी बंद, बाजारात कितीही चांगलं दिसो. दशलक्षण पर्वाच्या दहा दिवसांत आम्ही घरासाठी आणि धंद्यासाठी काहीच घेत नाही. आकिंचन्याच्या दिवशी ते कपाट उघडून त्यातली एक वस्तू विनामूल्य द्यायची, असा तिनं दोन वर्षांपासून पायंडा पाडलाय. देताना चांगली द्यायची. तुटकं, गळकं देऊन दान म्हणवून घेणं बरं नव्हे.

आणि खरं सांगायचं तर हे काही नव्या पिढीचं फॅड नाही. माझ्या सासूबाई बोहारणीकडून जुन्या लुगड्यांवर डबे घ्यायच्या, दारात बसून तास-तास घासाघीस चालायची. पण व्यवहार झाला की बोहारणीला पाणी विचारल्याशिवाय उठायच्या नाहीत. जुन्याचा बाजार आपल्या उंबऱ्यावर होताच, आता तो फोनमध्ये गेलाय एवढंच.

तेव्हा या दिवाळीआधी माळा उपसाल तेव्हा एक करा. पितळेचं भांडं मोडीत द्यायच्या आधी गळ्याखाली आणि बुडाशी चिंच लावून घासा. नाव निघालं तर घरात मोठ्यांना विचारा की ही कोण. मग द्यायचं की ठेवायचं ते ठरवा. द्यायचं ठरलं तर वजन करून, भाव विचारून द्या. आणि ठेवायचं ठरलं तर माळ्यावर परत नको, ओट्यावर ठेवा, पाण्याला, दुधाला, कशालाही. फक्त आधी कल्हई करून घ्या.

जय जिनेंद्र.